सोळा अंशांवर ठेवलेली काच

मी शिकवते त्या अकोल्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेच्या मागे पत्र्याच्या छपराची एक खोली आहे. बंद पडलेली उपकरणं, जुनी रसायनं, मोडकी स्टुलं, सगळं तिथे जाऊन पडतं. एका वर्षी उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर मी तिथलं कपाट आवरायला घेतलं. त्यात सॅलॉलची एक बाटली होती. सॅलॉल म्हणजे पांढरी भुकटी, बेचाळीस अंशांच्या आसपास वितळणारी. बाटलीत मात्र पाण्यासारखा स्वच्छ द्रव होता.

वितळलं हे समजण्यासारखं होतं. मे महिन्यात त्या खोलीत मेणबत्त्यासुद्धा वाकतात. पण आता जुलै लागला होता, आभाळ भरून होतं, दाराची कडी हाताला गार लागत होती. ती भुकटी केव्हाच पुन्हा गोठायला हवी होती. मला वाटलं, कुणीतरी भलतंच काही भरून ठेवलंय. बघावं म्हणून काचेची कांडी आत बुडवली, तर कांडीच्या टोकापासून पांढऱ्या सुया फुटायला लागल्या. त्या सरकत गेल्या, एकमेकींत घुसल्या आणि थोड्या वेळात बाटली पांढरी घट्ट झाली. माझ्या तळहाताला ती कोमट लागत होती.

गोठणबिंदूच्या खाली जाऊनही न गोठलेला द्रव, म्हणजे अतिशीतित द्रव. एमएस्सीला असताना मी परीक्षेत यावर चार ओळी लिहिल्या होत्या. ती कोमट बाटली हातात धरून उभी असताना लक्षात आलं की त्या चार ओळींपलीकडे मला यातलं काहीच ठाऊक नाही.

त्याच हिवाळ्यात अमरावतीला एका कॉलेजात चर्चासत्र होतं. तिथे एक बाई याच विषयावर बोलल्या. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला. चहाच्या वेळी मी त्यांना गाठून बाटलीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कांडी पुसली होतीस का?"

"नाही बहुतेक."

"मग तिच्यावरच्या धुळीनं काम केलं. रेणूंना स्फटिक व्हायचंच असतं, सुरुवात कुठून करायची ते कळत नसतं. धुळीचा कण मिळाला की झालं." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "पण ही सोपी गोष्ट आहे. खरी गंमत गोठू न देता आणखी थंड करत नेण्यात आहे. येऊन बघ एकदा."

मी गेले, आणि मग जातच राहिले. पुढच्या वर्षी त्यांच्याकडेच पीएचडीला नाव घातलं. तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. जठारपेठेतल्या आमच्या घरी नवऱ्यानं एवढंच विचारलं, "आता? कशासाठी?"

मॅडम मूळच्या हिवरखेडच्या. घरी बागायत, भाजीपाला आणि फुलं. धाकटा भाऊ शेती बघायचा. त्यांनी लग्न केलं नव्हतं. अमरावतीला त्यांच्या कॉलेजजवळ दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकट्या राहायच्या. प्रयोगशाळाही एकाच खोलीची, जिन्याच्या वरच्या टोकाला. तिच्या मध्यभागी एक जुना फ्रीज होता. मॅडमनी त्याला भोकं पाडून तारा आत नेल्या होत्या, तापमान धरून ठेवणारं यंत्र स्वतः जोडलं होतं. शेजारी एक जुनाट संगणक दिवसरात्र मोजमापं टिपत असायचा.

आमचा पदार्थ अगदी साधा, ग्लुकोज. ते वितळवायचं, दोन धातूच्या चकत्यांमध्ये ओतायचं आणि झपाट्यानं थंड करायचं. स्फटिक होऊ द्यायचा नाही. द्रव जसजसा थंड होतो तसतसा दाट होतो. आधी मधासारखा, मग डांबरासारखा. रेणूंना हलायचं असतं, पण प्रत्येकाला शेजाऱ्यांनी घेरलेलं असतं. मॅडम सांगायच्या, "आमच्या हिवरखेडच्या बाजारात गर्दी तुंबते तेव्हा कोणी कोणाला धरून ठेवलेलं नसतं. पण जागा सोडायला जागाच नसते. एका कोपऱ्यात चार माणसं सरकतात, दुसरीकडे घटकाभर कोणी हलत नाही. हे तसंच." ग्लुकोज सदतीस अंशांच्या आसपास इतकं मंदावतं की आपण त्याला काच म्हणतो. रचना द्रवाचीच, फक्त थिजलेली.

मला ती काच करताच येईना. ग्लुकोज फार तापलं की करपतं. माझे सुरुवातीचे सगळे नमुने तपकिरी झाले, खोलीभर जळक्या पाकाचा वास. मॅडम चंबू खिडकीकडे धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "चहा झाला. टाकून दे." पावसाळा संपता संपता एकदा त्यांनी चंबू उजेडाकडे धरला आणि काही बोलल्याच नाहीत. चंबू तसाच माझ्या हातात दिला. ओतायला घे, असा त्याचा अर्थ होता.

त्यांना काय मोजायचं होतं ते सांगायला हवं. काच थिजलेली दिसते, पण पूर्ण थांबलेली नसते. आतले रेणू फार सावकाश, कळेल न कळेल असे, नीट बसायचा प्रयत्न करत असतात. चकत्यांमधून वीज पाठवून मोजलं की ते दिसतं. आकडा रोज थोडासा उतरतो, आणि दिवसेंदिवस उतरण्याचा वेग कमी होत जातो. तो उतरून कधीतरी स्थिर होतो का, आणि झाला तर कुठे, हा मॅडमचा प्रश्न. काच फार थंड नसेल तर ते काही तासांत कळतं. मॅडमना मात्र सोळा अंशांवर बघायचं होतं. तिथे त्यांच्या हिशेबानं वर्ष लागणार होतं, कदाचित जास्तच.

"जगात इतक्या मोठ्या प्रयोगशाळा आहेत, त्यांनी कोणी का नाही केलं?" मी विचारलं होतं.

"कोणाला थांबायला वेळ नाही," त्या म्हणाल्या. "मला आहे."

दिवाळीनंतर आम्ही चकती फ्रीजमध्ये ठेवली आणि दार लावलं.

हिवाळ्यातच मॅडम जेवेनाशा झाल्या. पित्त आहे म्हणत त्यांनी बरेच दिवस काढले. तपासण्या झाल्या तेव्हा पोटातला कर्करोग निघाला, तोही पसरलेला. नागपूरला उपचार सुरू झाले. भाऊ गावाहून गाडी घेऊन यायचा, त्यांना घेऊन जायचा, परत आणून सोडायचा. एकदा मीही सोबत गेले होते. परतताना तिवस्याजवळ मॅडमना मळमळायला लागलं म्हणून गाडी बाजूला घेतली. एका बंद दुकानाच्या पायरीवर त्या बसल्या, मी पाण्याची बाटली धरली. भाऊ समोर उभा. उंच माणूस, उन्हानं रापलेला. त्याच्या मनात बरंच साचलेलं असावं.

"आता तरी चाल गावाले," तो म्हणाला. "तिथी माणसं आहेत, करणारी बाई आहे घरात. इथी दोन खोल्याइत कोण पायते तुले?"

"बघू," मॅडम म्हणाल्या.

"काय बघू? त्या डबड्यापायी थांबून राहिली तू. मले समजत नाई काय?" मग तो माझ्याकडे वळला. "ताई, तुमीच सांगा. काय आहे त्या फ्रीजात असं? काहून इतकं लागून राहिलं तिले?"

मी सांगायला गेले, आणि त्या रस्त्याकडेला, ट्रकच्या आवाजात, ते शब्द माझे मलाच पोकळ वाटले. साखरेची चकती कशी निवते ते बघतोय, याहून काही त्यातून निघेना. तो ऐकत होता, ऐकून न ऐकल्यासारखा. मॅडमनी चूळ भरली, तोंड पुसलं.

"डबडं नोको म्हणू त्याले," त्या म्हणाल्या. भावाशी बोलताना त्यांची बोली परत यायची. "मी गेल्यावर काय म्हणायचं ते म्हण."

तो गाडीत जाऊन बसला.

होळीनंतर त्यांना जिना चढवेना. मग मात्र त्या हिवरखेडला गेल्या. जाण्याआधी आम्ही दोघी एकदा वर गेलो, दर चार पायऱ्यांवर खुर्ची टेकवून त्यांना बसवत. काय काय बघायचं ते त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, जणू मी पहिल्यांदाच येत होते. ओल शोषणारे निळे खडे गुलाबी झाले की बदलायचे, कारण जरा ओल लागली तरी ग्लुकोजची काच मऊ पडते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं. दार कोणी उघडू नये म्हणून चिकटपट्टी लावायची. पडद्यावरची रेघ त्यांनी बराच वेळ बघितली. ती अजून उतरतच होती, पण आता इतकी हळू की सपाटच वाटावी.

दर शनिवारी मी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरायची, तिथून ऑटोनं कॉलेजात. खडे, बॅटरी, रेघ. संध्याकाळी मॅडमना फोन करून आकडा सांगायची. त्यांचा आवाज बारीक झाला होता. आकडा ऐकून "हं" म्हणायच्या आणि फोन भावाकडे द्यायच्या. एकदा तो म्हणाला, "शनिवार आला की सकायपासून फोनकडे पायते. मले तारीख सांगा लागत नाई आता." त्यात तक्रार होती की आणखी काही, मला कळलं नाही.

मे महिन्यात, परीक्षेच्या कामात असताना, अमरावतीच्या कॉलेजातल्या शिपायाचा फोन आला. उन्हानं रोहित्र जळालं होतं, सकाळपासून सगळ्या आवारात वीज नव्हती. इन्व्हर्टर दुपारपर्यंत कसाबसा टिकणार होता. मी रजा टाकली आणि निघाले. पोचले तेव्हा फ्रीजचं यंत्र बंद पडलेलं, संगणक बंद, आणि खोली भट्टीसारखी.

बर्फाच्या कारखान्यातून मी लाद्या आणल्या. गोणपाटात गुंडाळून, भुसा घालून ऑटोतून आणल्या, शिपायानं आणि मी त्या वर चढवल्या. फ्रीजभोवती, फ्रीजवर, जिथे ठेवता येतील तिथे रचल्या. दार उघडायची सोय नव्हती. उघडलं तर ओल शिरली असती. त्या दिवशी निभावलं. रात्री ओळखीच्यांकडे राहिले, सकाळी परत गेले तर जिन्यावरून पाणी वाहत होतं आणि लाद्यांच्या जागी ओला भुसा. कारखान्यात गेले. लग्नसराईची मागणी, तिथेही वीज अर्धा दिवस गेलेली. मालकानं हात जोडले. "उद्या या मॅडम. आज द्यायले तुकडा नाई."

मी परत येऊन फ्रीजसमोर बसले. तापमापीची तार बाहेर काढलेली होती, सेलवर चालणारा आकडा दिसत होता. बावीस. मग पंचवीस. शिपाई दोनदा डोकावून गेला. रोहित्र येतंय, वाटेत आहे, असं कोणीतरी खालून ओरडून सांगितलं. दुपारी तीस झाले. मी ओला टॉवेल फ्रीजवर टाकत होते, तो बघता बघता वाळायचा. सदतीस ओलांडलं की काच पुन्हा द्रव होते आणि इतके महिने तिच्यात जे घडलं ते सगळं पुसलं जातं. रेणूंना त्यातलं काही आठवत नाही. मग पुन्हा थंड केलं तरी ती नवी काच. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्या दुपारी ते समोर होत होतं आणि मला हाताची घडी घालून बघावं लागत होतं. उन्हं कलायच्या सुमाराला आकडा चाळिशीच्या पुढे गेला. मी टॉवेल पिळला, खिडकीत वाळत घातला आणि खाली आले. वीज दुसऱ्या दिवशी सकाळी आली.

फोनवर सांगायचं नाही, असं मी ठरवलं. अकोल्याहून अकोटमार्गे हिवरखेडला गेले. पुढच्या खोलीत कूलर चालू होता, समोर पलंगावर मॅडम. अंगावर पांघरलेल्या चादरीखाली कोणी आहे असं वाटू नये इतक्या उरल्या होत्या. भाऊ दारातल्या खुर्चीवर.

"आज कशी?" त्या म्हणाल्या. "आज शनिवार नाही."

मी सगळं सांगितलं. बर्फाचंही सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"कुठपर्यंत गेलं?"

"चाळीसच्या वर."

"मग गेलं," त्या म्हणाल्या.

भाऊ उठून पलंगाजवळ आला. "पुन्हा लावता येते ना ते?"

"येते," मॅडम म्हणाल्या.

"मंग लाव ना पुन्हा. मी येतो ना संगं. गाडी आहे आपली. ताई आहेत." तो माझ्याकडे बघून बोलत होता. "बर्फ लागते तं बर्फ नेऊ. काय पाह्यजे ते सांगा."

पुन्हा लावायचं म्हणजे पुन्हा वर्षभर थांबायचं. त्यालाही ते त्याच क्षणी कळलं असावं, कारण तो बोलता बोलता थांबला, उशीचा कोपरा उगाच नीट केला आणि बाहेर निघून गेला.

मी निघताना मॅडमनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात कोरडा आणि गरम होता. "रोहित्र जळेपर्यंतची रेघ आहे ना? तेवढी लिही. पुढचं कळलं नाही असं स्पष्ट लिही. पुढे ती कुठे गेली असती ते ठिपक्यांनी काढू नकोस."

"नाही काढणार."

"लोक सांगतील काढ म्हणून."

त्या महिन्याभरानं गेल्या. मला निरोप मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मार्गदर्शक वारले तर नियमानं दुसरे मिळतात. मला मिळालेले सर पातळ थरांवर काम करणारे होते. सज्जन माणूस, सह्या वेळेवर करायचे. आलेख बघून म्हणाले, "बाई, हे मधेच तुटलंय. एक समीकरण बसवा आणि ठिपक्यांची रेघ पुढे न्या. दिसायला पूर्ण दिसेल."

"मला ते करायचं नाही, सर."

"का?"

"तिथे काय होतं ते आम्ही बघितलेलं नाही."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तुमची मर्जी," म्हणाले. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न तो विचारला. काच शेवटी स्थिर झाली की नाही? मी म्हटलं, माहीत नाही. काही अंदाज? अंदाज नाही. खोलीत थोडी चुळबुळ झाली. पदवी मिळाली. टाळ्या वाजल्या, कोणीतरी पेढे आणले होते.

प्रयोगशाळेची खोली संगणक वर्गाला दिली गेली. मी सामान काढायला गेले तेव्हा फ्रीज आधीच जिन्याखाली आणून ठेवलेला होता, दार सताड उघडं. चकत्यांमधलं ग्लुकोज ओल धरून चिकट झालं होतं, त्याला मुंग्या लागल्या होत्या. चकत्या मी नळाखाली धुतल्या आणि कॉलेजलाच परत दिल्या.

प्रबंधाची एक प्रत घेऊन मी हिवरखेडला गेले. भाऊ अंगणातच होता, वांग्यांची पोती शिवत. हात पुसून त्यानं ती जाड प्रत घेतली आणि खाटेवर बसून पानं उलटायला लागला. इंग्रजी त्याला येत नव्हतं, आलेखांपाशी मात्र थांबत होता.

"इतकं लिवलं तुमी?"

"आम्ही दोघींनी."

"तिचं नाव कुठी आहे?"

पहिल्या पानावर माझं नाव होतं, खाली नव्या मार्गदर्शकांचं. मी आभाराचं पान काढून दिलं. दुसऱ्या परिच्छेदात मॅडमचं नाव होतं, त्यावर मी बोट ठेवलं. त्यानं ते अक्षर अक्षर लावत वाचलं. मग पान उलटून मागे काही आहे का बघितलं.

"इतकंच?"

"नियमानं तेवढंच टाकता येतं."

त्याची बायको चहा घेऊन आली, माझ्या हातात कप दिला, त्याचा खाटेच्या कडेला ठेवला. तो चहाकडे न बघता पुन्हा पहिल्या पानावर आला आणि मार्गदर्शकांच्या नावावरून अंगठा फिरवला.

"हे कोण?"

"दुसरे सर."

"यायनं पायलं होतं काय ते फ्रीज?"

"नाही."

"अन् आता कोण पायते?"

"आता ते बंद झालं, भाऊ. कोणीच नाही बघत."

विहिरीकडून मोटारीची घरघर ऐकू आली. वीज आली होती, आणि ती किती वेळ राहील याचा नेम नव्हता. तो उठला, प्रबंध मिटून बायकोच्या हाती दिला, "सांभायून ठेव," म्हणाला आणि पायात चपला सरकवून वांग्यांना पाणी द्यायला गेला. मी चहा संपवला. परतीच्या एसटीला अजून वेळ होता, म्हणून त्याच्या बायकोसोबत राहिलेली पोती शिवत बसले.